बांधालगतच्या अनोळखी बाईची जागा

मी, श्रीमती शांतम्मा भ्रतार वीरभद्रप्पा एकलारे, वय चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी किराणा दुकान व शेती, राहणार चुडावा, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा या कागदाशी संबंध नाही. कोणाच्या धाकाने किंवा भुलवण्याने मी हे लिहीत नाही. वकिलांनी मसुदा दिला होता. त्यात घर आणि जमीन सोडून काही नव्हते. म्हणून मधले मी घातले आहे.

१. राहते घर मुलगा मल्लेश याला. दुकानाचा गाळाही त्यालाच. आतला पितळी तराजू त्याने मोडीत घालू नये, एवढी विनंती. सक्ती नाही.

२. माझ्या सोन्याच्या पाटल्या मुलगी शिवरंजनी हिला. त्या तिच्या लग्नासाठी केल्या होत्या. पिंगळीची सोयरीक मोडली, ती का मोडली ते पुढे येते. नंतर तिने लग्न केले नाही. पूर्णेला नर्सची नोकरी केली आणि मला सांभाळले.

३. स्टेशनच्या रस्त्याला लागून असलेली, पतीने हयातीत माझ्या नावे करून दिलेली शेतजमीन विहीर-मोटारीसह मल्लेशला. मात्र लिंबाखालचा बांधालगतचा दोन गुंठे तुकडा यातून वगळला आहे. तो शिवरंजनीला. तिने तो विकू नये, नांगरू नये.

त्या तुकड्यात आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिलेले माझे सासू-सासरे आहेत, पती आहेत आणि एक बाई आहे. तिचे नाव आम्हाला माहीत नाही.

सत्त्याण्णव साली तूर काढणीच्या दिवसांत ती मलाच सापडली. तुरीच्या ओळीत पडली होती. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. हातावर विंचू गोंदलेला होता आणि पायात जोडवी. म्हणजे कोणाच्या तरी घरची होती. गळा आवळून मारल्याचे डॉक्टरांनी लिहिले. पेपरात वर्णन आले, स्टेशनवर कागद चिकटवला. कोणी आले नाही. तिला जोडवी घालणाऱ्यानेही शोधले नाही, हे मला तेव्हापासून खुपत आहे.

माती कुठे द्यायची, यावर गावात वाद झाला. जात ठाऊक नाही, तर कोणत्या मसणवट्यात न्यायचे? माझे पती शेवटी म्हणाले, "आमच्या लिंबाखाली द्या. माती काय जात इचारती का?" मी तिच्या कपाळाला विभूती लावली आणि लुगडे पांघरले.

त्या चांगुलपणाचेच आमच्यावर उलटले. परक्या बाईला स्वतःची जागा कोण देतो, असे त्या वेळच्या फौजदाराला वाटले. त्यात माझे धाकटे दीर राजेश्वरप्पा यांनी जबाब दिला की, दादाला त्या दिवसांत तिन्हीसांजेला शेतातून येताना पाहिले. पाहिले असेल. मोटार बंद करायला ते रोजच जात. रोज जातात, हेही दिरांना माहीत होते. तेवढेच त्यांनी सांगितले नाही.

पतींना ठाण्यात नेले. परत आले तेव्हा त्यांना पाय टेकवत नव्हते. मी विचारले, "काय म्हणायलेत?"

ते म्हणाले, "तिचं नाव इचारायलेत. मला ठाव असतं तर मीच नसतो का सांगितलं?"

पुरावा निघाला नाही. पण दर सणावाराला ठाण्यातून बोलावणे येत राहिले, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ लागले आणि पिंगळीकरांनी नारळ परत पाठवला. पती गेले तेव्हाही लोक त्यांच्याकडे तसेच बघत होते. तिला कोणी मारले, ते मला आजही माहीत नाही. मी अंदाज लिहीत नाही. अंदाजानेच आमचे घर खाल्ले.

४. दीर राजेश्वरप्पा यांची गाडीवाट आमच्या शेतातून जाते, ती मल्लेशने अडवू नये. त्यांनी कधी चूक कबूल केली नाही आणि मला आता ऐकायचीही हौस नाही. मात्र मातीला नेताना मला ज्यात बसवाल, त्या विमानाला त्यांनी हात लावू नये.

५. काही वर्षांपूर्वी चारठाण्याचे सिताराम नावाचे गृहस्थ आले. त्यांची बहीण त्याच सुमाराला नांदायला म्हणून निघाली, ती पोचलीच नाही. मी विंचवाचे सांगितले. ते लिंबाखाली बसले आणि म्हणाले, "मावशी, ही माझी न्हाई. माझीच्या हातावर तुळस होती. पण मला रडायला जागाच न्हाई हो कुठं. इथं रडू का?"

मी म्हणाले, "रडा."

तेव्हापासून ते संक्रांतीला येतात, बांगड्या ठेवून जातात. त्यांना कोणी हटकू नये.

६. मल्लेश, ही जमीन तुझी होईल. रस्त्याकडेची बाजू पेट्रोल पंपासाठी मागणारे आले होते. त्यांना लिंबाखालचीही, हाडे काढलेली मोकळी जागा हवी होती. तू म्हणालास, "आई, मेलेल्या परक्या बाईपायी जित्या नातवंडांचं नुकसान करायलीस." तुझेही खोटे नाही. नुकसान होईल. तरी मी तसेच लिहीत आहे. तुझ्या बापाने त्या जागेसाठी जे सोसले, त्यानंतर ती उकरून दिली, तर लोक म्हणतात तेच खरे ठरेल.

७. मला पतीच्या डाव्या हाताला, त्यांच्या आणि तिच्या मधल्या जागेत बसवावे. मधे कोणी तरी बाईमाणूस हवे.

८. मागच्या उन्हाळ्यात पोलिसांनी जुने प्रकरण पुन्हा काढले. एक तरुण बाई अधिकारी परवानगीचा कागद घेऊन आल्या आणि हाडाचा नमुना घेऊन गेल्या. जुळणारे कोणी अजून मिळाले नाही. त्या मला म्हणाल्या, "आजी, नमुना जपून ठेवलाय. कधी कोणी आलं, तर कळेल."

तेव्हा शिवरंजनी, माझ्यानंतर कधी दारात कोणी आले, लेक असेल, भाऊ असेल, आणि तिची चौकशी करू लागले, तर लगेच शेतात नेऊ नकोस. आधी हातपाय धुवायला पाणी दे. ताट वाढ, पोटभर जेवू दे. मग सांग. ऐकल्यावर त्यांच्याने घास गिळवणार नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केले आहे. माझे डोळे मिटल्यावर ते अमलात यावे.

ठिकाण : चुडावा
दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५

सही : शांतम्मा वीरभद्रप्पा एकलारे

साक्षीदार :
१. भागवत दत्तराव देसाई, रा. चुडावा (सही)
२. सुकेशनी परमेश्वर खंदारे, रा. पूर्णा (सही)