ताईला झोप लागेल अशी गादी

सीवूड्स,
१२ जानेवारी २०२५

चि. नंदकुमार यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर बोलू शकत नाहीस आणि तुझे तीन जिने मी चढू शकत नाही, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. श्रुतीचं ऑफिस माझ्या घरापासून जवळ आहे. ती आणून देईल.

काल ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून रडली. बाबांना तंबूत झोपायला जायचंय म्हणाली. स्वरयंत्र काढून टाकलेलं, गळ्याच्या भोकातून श्वास, आजार पुन्हा उलटलेला, आणि तुला कर्जतच्या पुढे त्या तुझ्या मित्राच्या, धनेशच्या शेतावर रात्र काढायची आहे. डॉक्टरांची हरकत नाही म्हणे. डॉक्टर आता तुझ्या कशालाच हरकत घेत नाहीत, याचा अर्थ मला समजतो.

वर तू हट्ट धरलास की जाईन तर ताईबरोबर, नाही तर नाही. मला न विचारता माझं नाव पुढे केलंस. माझे दोन्ही खुबे झिजलेत हे तुला माहीत आहे. तासाभराने कूस बदलावी लागते आणि बदलताना जाग येते. जमिनीवर बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. नेहमीची सतरंजी-चटई मला चालणार नाही. जमिनीवर अंथरून मला झोप लागेल असं काही तुला मिळालं तर कळव. मिळणार नाही.

औषधं वेळेवर घे. श्रुतीवर चिडत जाऊ नकोस, तिला सगळं एकटीला बघावं लागतं.

तुझी,
ताई


घणसोली,
१६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात नकार कुठे आहे ते दोनदा शोधलं. सापडली ती अट. आभारी आहे.

श्रुतीने होकार दिला तो तुझ्यामुळेच. आधी ती ऐकतच नव्हती. रात्री कफ अडकला तर हाक कशी मारणार, हा तिचा प्रश्न. मग तिलाच सुचलं की आत्याचे खुबे तिला रात्रभर झोपू देत नाहीत, आत्या शेजारी असली तर टेन्शन नाही. म्हणजे तुला बिनपगारी गुरखा म्हणून नेमलंय.

मला जायचं का आहे, ते तू विचारलं नाहीस. बाबा पाटबंधारे खात्यात सर्व्हेला होते तेव्हा आपण उन्हाळाभर राहुटीत राहायचो, आठवतं? बाहेर कोल्हे ओरडायचे. मी तुझ्या परकराचं टोक धरून पुन्हा पुन्हा विचारायचो की जागी आहेस ना. तू जागी आहे म्हणायचीस आणि मी झोपून जायचो. तू कधी झोपायचीस ते मला आजवर कळलेलं नाही. तसं एकदा झोपायचंय, बस. इथे छताकडे बघून कंटाळा आला.

तर कामाला लागलोय. मोबाइलवर माझी सुजलेली बोटं भलतंच टाइप करतात, पण व्हिडिओ बघता येतात. गिर्यारोहक मंडळींच्या गाद्यांवर इतका अभ्यास झालाय की इंजिनीअरिंगला एवढा केला असता तर पहिला आलो असतो.

तुझा,
नंदू


सीवूड्स,
२० जानेवारी

चि. नंदकुमार यास,
आशीर्वाद.

मी हो म्हटलेलं नाही. तरी अभ्यास करतोच आहेस तर नीट कर. मी पाठीवर झोपत नाही, कुशीवर झोपते, हे लक्षात घे. अंगाचा सगळा भार एका खुब्यावर येतो. पातळ वस्तू असली की हाड जमिनीला लागतं. फार मऊ असली की मी खड्ड्यात अडकते आणि बाहेर येता येत नाही. जमिनीचा गारवा वर आला तर सकाळी पाय उचलत नाही. आणि ती गुंडाळून मला एकटीला उचलता आली पाहिजे, मी हमाल लावणार नाही.

बँकेत पस्तीस वर्षं मी कागद तपासल्याशिवाय सही केली नाही. इथेही करणार नाही.

श्रुती म्हणाली तू जेवण अर्धं टाकतोस. टाकू नकोस.

ताई


घणसोली,
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल कळवतो.

पहिली, घडीची फोमची चटई. हलकी, स्वस्त, फाटत नाही. श्रुतीच्या ईश्वरीला तिच्यावर कुशीवर झोपवलं आणि खालून हात घातला, तर पोरीचं हाड हाताला लागलं. ती पंधरा वर्षांची, काडीसारखी. तुझं काय होईल? बाद.

दुसरी, पंपाने भरायची हवेची गादी. दिसायला पलंग. तुझा खुबा म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवला आणि तुझं वजन म्हणून केयूरला वर गॅसचं सिलिंडर ठेवायला लावलं. सिलिंडर डुलत डुलत घरंगळलं ते थेट कपाटावर. जावईबापू त्या दिवसापासून माझ्या खोलीत बिचकत येतात. शिवाय आत नुसती हवा, त्यामुळे खालून गार लागते. तीही बाद.

तिसरी सोबत पाठवतोय. हिच्या आत फोम आहे आणि कोपऱ्यात झडप. झडप उघडली की ती आपली आपण श्वास घेते. माझ्यासारखीच, भोकातून. फुगली की चार इंच जाड होते. पण ताई, टम्म ठेवायची नाही, सगळे तिथेच चुकतात. कुशीवर पडायचं आणि झडप दाबून थोडी थोडी हवा सोडायची. खुबा बुडाला पाहिजे, पण खाली हात घातला तर जमिनीला टेकलेला नसावा. दोन गुडघ्यांमध्ये उशी. उठायला शेजारी घडीचा स्टूल, तो धनेश आणणार आहे.

गुंडाळली की लोडाएवढी होते. तुला उचलता येईल. मी उचलून पाहिली, मला उचलवली नाही, पण माझं सोड.

आधी घरी झोपून बघ आणि खरं लिही.

तुझा,
नंदू


सीवूड्स,
१० फेब्रुवारी

चि. नंदकुमार यास,
आशीर्वाद.

चार रात्री हॉलमध्ये जमिनीवर झोपले. शेजारची प्रियदर्शिनी सकाळी वॉचमनला घेऊन यायची आणि दोघं मला धरून उभी करायची, कारण स्टूल नव्हता. पहिल्या रात्री तुझं न ऐकता गादी पूर्ण फुगवली आणि तळमळले. नंतर तू लिहिलंस तशी हवा सोडली. कूस बदलायला जाग आली, पण दुखून नाही, सवयीने. काल तर पेपरवाल्याने बेल वाजवली तेव्हाच जाग आली.

गादी चांगली आहे. एवढंच लिहिते, डोक्यावर बसू नकोस.

मी येईन. अटी अशा. कफ ओढायचं मशीन बरोबर घ्यायचं. ते चालवायला मी श्रुतीने माझ्याकडे पाठवलेल्या नर्सबाईंकडून शिकून घेतलंय. गळ्यावरचं फडकं ओलं ठेवायचं. आणि घरी तू हाक मारायला पूजेची घंटी वाजवतोस ती रात्रभर हातात ठेवायची. जरा घुसमटलं तरी वाजवायची. मला जाग येईल, त्याची काळजी नको.

श्रुतीला ईश्वरीच्या दहावीच्या परीक्षेमुळे येता येणार नाही. तिने मला दोनदा विचारलं की आत्या तू जागी राहशील ना. मी हो म्हटलं आहे.

ताई


घणसोली,
२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळ्या अटी मान्य. एक तारखेला दुपारी धनेश गाडी घेऊन आधी तुझ्याकडे येईल, मग इकडे. मला खाली न्यायला खुर्ची आणि दोन पोरं सांगितली आहेत.

सध्या लिहायलाही दमायला होतं. तू पेपरवाल्याच्या बेलेपर्यंत झोपलीस हे वाचून मात्र पाटीवर मोठ्ठं लिहून घरभर दाखवलं. श्रुतीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

ये. वाट बघतोय.

नंदू


घणसोली,
१५ मार्च

आत्या,

दिवस झाले, माणसं गेली, ईश्वरीचा शेवटचा पेपरही झाला. आता लिहिते. फोनवर तुझा आवाज ऐकायची माझी तयारी नाही.

बाबा महिना-दोन महिन्यांचेच होते, हे सगळे मला समजावतात. मला माहीत होतं. पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले की कफाचा गोळा अडकला, वेळीच ओढला असता तर तेव्हा गेले नसते. मशीन तिथे होतं. तुला येत होतं. घंटी होती. आणि तू झोपली होतीस.

तुझे खुबे दुखतात म्हणून मी हो म्हटलं होतं. ऐकायला वाईट आहे, पण खरं आहे. आयुष्यभर तुला झोप नाही, हे आम्ही सगळे ऐकत आलो, आणि नेमकी त्या रात्री तुला लागली. घंटी वाजली तेव्हा इतकी कशी झोपलीस? एवढं सांग.

धनेशकाका त्या दिवशी सगळं सामान तुझ्याकडे टाकून गेले. बाबांच्या वस्तू मला हव्यात. हे पत्र घेऊन केयूर उद्या येईल. त्याच्याकडे दे. गादीसकट दे, तीही त्यांनीच आणली होती.

श्रुती


सीवूड्स,
१६ मार्च

चि. श्रुतीस,
आशीर्वाद. तू ते घ्यावेस की नाही, हे तुझ्यावर.

केयूर बाहेर बसला आहे, तेवढ्यात लिहिते. तू विचारलंस त्याचं उत्तर देते.

संध्याकाळी तो खूश होता. दोन घास खिचडी खाल्ली. माझी गादी त्याने स्वतः लावली, मला हात लावू दिला नाही. मला कुशीवर पडायला लावून झडपेतून हवा सोडली, खाली हात घालून तपासलं, पुन्हा थोडी सोडली. गुडघ्यांत उशी दिली. तो स्वतः नेहमीसारखा लोडांना टेकून बसला, आडवं त्याला होता येत नव्हतंच. मी मशीन लावून पाहिलं. फडकं ओलं केलं. घंटी वाजवून पाहिली. नीट वाजत होती. धनेश पलीकडे घरात झोपायला निघाला होता, तोही वळून विचारून गेला की काय झालं.

मग नंदूने पाटीवर लिहून दाखवलं की ताई, आज तू झोप, मी जागा आहे. मी रागावले. म्हटलं की हा खेळ नाही, मी श्रुतीला शब्द दिलाय. तो मान हलवून हसला. आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले.

मी जागीच राहणार होते. पडले, आणि काही दुखेना. दुखणं नसलं की झोप किती जवळ असते, हे मी विसरले होते. तिच्याशी भांडायची मला सवय राहिलेली नव्हती. रात्रीत एकदाही उठले नाही. कापडावर ऊन आलं तेव्हा जाग आली. माझ्या अंगावर त्याचं पांघरूण होतं. तो बसलेलाच होता, तोंड माझ्याकडे. मशीनला हात लागलेला नव्हता.

घंटी वाजली नाही, श्रुती. ती त्याच्या मांडीवर होती. आत त्याचा रुमाल कोंबलेला होता आणि वरून गाठ मारलेली. मी तपासली तेव्हा रुमाल नव्हता. हलताना उगाच वाजून मला जाग येऊ नये म्हणून त्याने तेवढ्यापुरता बांधला आणि मग सोडायला वेळ मिळाला नाही, की सोडायचाच नव्हता, हे मला माहीत नाही. मी रात्रंदिवस दोन्ही धरून पाहिलंय. तू तुला झेपेल ते धर.

हे तुला आधी सांगितलं नाही, कारण तू मला दोष देत होतीस आणि तो मला मोठा वाटत नव्हता. बापाने हाक मारली नाही, हे ऐकणं त्याहून जड. पण तू सरळ विचारलंस. मी झोपले होते, हे त्याने बदलत नाही. मी शब्द दिला होता आणि झोपले.

माझं येणं तुला नको असेल तर येणार नाही. जिने तसेही आहेत. ईश्वरीचा निकाल लागला की कळव, एवढी माया ठेव.

केयूरकडे आज दिलेल्या वस्तू:

कफ ओढायचं मशीन, पिशवीसह. एक.
लोड, दोन. पांघरूण, एक. धुतलेलं नाही.
औषधांचा डबा.
घडीचा स्टूल. धनेशचा आहे, त्याला पोचवावा.
गादी, एक. त्याने माझ्यापुरती बेतून ठेवलेली हवा आज सकाळपर्यंत आत तशीच होती. आता काढली आहे.
पाटी, एक. अक्षर जाऊ नये म्हणून कागद लावून बांधली आहे.
पूजेची घंटी, एक, रुमालासकट. गाठ मी सोडलेली नाही.

तुझी,
आत्या