वांगी विकायला आलेली बाई

क्वात्र बॉर्न,
ता. १३ ऑगस्ट १९८४

चि. इंद्राणीस अनेक आशीर्वाद.

काल टीव्हीवर माझ्या कथेवरचा चित्रपट पाहिलास ना? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे. माझ्या कथेत आई उसाच्या मळ्यातून तशीच, कमरेला गोणपाट बांधून, कॉलेजच्या बक्षीस समारंभाला येते आणि मुलगा सगळ्यांसमोर तिच्या पाया पडतो. जयदेवने काय दाखवलं? मुलगा तिला फाटकात बघतो आणि पाठ फिरवतो! दिग्दर्शक झाला म्हणून काय वाटेल ते दाखवायचं? आता मराठी वर्गातली मुलं मला विचारतात, गुरुजी, खरं कुठलं?

गणपतीत मंडळ माझा सत्कार करणार आहे. तेव्हा आईने व्यासपीठावर एवढंच सांगावं, की माझा मुलगा पाया पडला होता. तिच्याकडून तेवढं कबूल करून घे. तुझे वांग्यांचे वाफे कसे आहेत? दादावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
चंद्रमोहन

ब्रीझे वेर्दिएर,
ता. १७ ऑगस्ट १९८४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. जयदेववर रागावू नकोस, त्याला ते मी सांगितलं. त्या दिवशी आईचा पदर धरून मीही फाटकात उभी होते. तू इतक्या घाईने पाठ फिरवलीस, की मी तुला दिसलेच नाही. तुझ्या कथेतही मला जागा नाही, मग सिनेमावाल्याकडे जाऊ नको तर काय करू?

पण चित्रपटही पुरता खरा नाही. त्यात आई बस येईपर्यंत रडते, मागे बासरी वाजते. ते बघून आई चिडलीच. म्हणाली, मी कुठं रडले, बसमध्ये आपण दोघींनी पोळ्या खाल्ल्या. खाल्ल्या खऱ्या. तुझ्यासाठी केलेल्या पुरणपोळ्या होत्या त्या.

एक गोष्ट मात्र मी जयदेवलाही सांगितली नाही. रखवालदाराने आईला इथल्या क्रिओल बोलीत विचारलं होतं, कुणाकडे आलात. तुझे मित्र जवळच उभे होते. आईने तुझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, कुणाकडे नाही, वांगी विकायला आले होते.

व्यासपीठावर तू सांगशील ते बोलेन, असं ती म्हणते. कालपासून तुझं वाक्य पाठ करते आहे. मला ते ऐकवत नाही, दादा. वहिनींना नमस्कार. रागावलास तरी पत्र थांबवू नकोस.

तुझी,
इंद्राणी

क्वात्र बॉर्न,
ता. २१ ऑगस्ट १९८४

चि. इंद्राणीस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून वर्गावर गेलो नाही. मुलांना कुठल्या तोंडाने शिकवू? कथा लिहिताना वाटलं होतं, निदान कागदावर तरी पाया पडावं. मग ती वाचून दाखवली की लोक दरवर्षी टाळ्या वाजवत गेले आणि मलाही ते खरं वाटू लागलं. वांग्यांचं मला ठाऊकच नव्हतं. माझ्यासाठी ती एकदा खोटं बोलली होती, आणि मी तिला पुन्हा तेच करायला लावत होतो. मला माझी फार लाज वाटते.

आईला म्हणावं, ते वाक्य विसर. घडलं ते सगळं मीच सांगेन, वांग्यांसकट. मंडळाला सत्कार मागे घ्यायचा असेल तर घेऊ दे.

तुम्ही दोघी मात्र या. येताना पोळ्या आणा. दारात कुणी आईला विचारलं, कुणाकडे आलात, तर तिने काही बोलायचं नाही. मी दारातच उभा असेन, उत्तर मी देईन.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही, तरी मागतो.

तिचा मुलगा,
चंद्रमोहन