अळणी पातेल्याचा दोरा

आई,

आज सकाळी सुनेनं माझ्यासमोर मिठाची बरणी सिंकमध्ये ओतली. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून तिनं बीपी बघितलं आणि वरचा आकडा परत चढलेला. तिसरा आठवडा हा. ती नाशिककडची, इथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. मोजमाप चुकलेलं तिला खपत नाही. माझी भाजी वेगळ्या पातेल्यात करते, सहाला उठवून गच्चीवर चालायला लावते, साडेसातला जेवायला बसवते. तरी आकडा हटत नाही. ओट्याला टेकून म्हणाली, "आई, माझ्याच हातून पातेल्यांची अदलाबदल होते का हो? आजपासून सगळ्यांचंच अळणी करते, म्हणजे चुकायलाच नको." कॉफीचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. हेच वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकलंय, मैलापूरच्या घरात.

अप्पांना बीपी निघालं आणि डॉक्टरांनी मीठ तोडलं, त्या दिवसापासून तू सगळ्या घरालाच शिस्त लावलीस. पापड-वडाम बंद, दिवेलागणीला जेवण, जेवल्यावर गोळी, आणि अप्पांच्या पातेल्याच्या कानाला पांढरा दोरा. एकदा मी घाईत आपल्या सांबारातला डाव त्या पातेल्यात घातला, तर तू माझ्या मनगटावर सांडशी मारलीस. "तुझ्या बापाचा जीव आहे त्यात, खेळ नव्हे." मी चोविशीची, नोकरी करणारी, आणि मनगट चोळत उभी. राग आला होता मला. पण तुझं बरोबर होतं.

संध्याकाळी तू त्यांना फिरायला पाठवायचीस, तळ्याभोवती चार फेऱ्या. मी नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून येते, बसमधून उतरते, तर अप्पा तळ्याकाठी कट्ट्यावर बसलेले. फेरी एकच झालेली. "कोंजमच गं, थोडंसंच," म्हणतात, "जिभेला काही कळेनासं झालंय." मी पर्समधून नारत्तंगाय काढते, मिठात मुरवून उन्हात वाळवलेल्या ईडलिंबाच्या त्या काळ्या आंबट फोडी. आधी एक. मग दोन. मग आठवड्याला एक डबी. एका फोडीनं काय होतंय, असं मी स्वतःला सांगायची. आणि खरं सांगू का, अप्पा तुझ्याकडे न मागता माझ्याकडे मागतात, याचंच मला फार अप्रूप होतं. नळावर चूळ भरून आम्ही घरी यायचो. तू दारातच म्हणायचीस, "बघ, चालून आलं की चेहऱ्यावर कसं तेज येतं."

मग ती तपासणी. डॉक्टर पट्टा सोडवत विचारतात, "मामी, उप्पु नक्की बंद आहे ना? मीठ अजिबात नाही ना?" घरी येऊन तू सगळी पातेली उघडलीस, प्रत्येकातलं बोटावर घेऊन चाखलंस, परत चाखलंस. मिठाची बरणी मोरीत उपडी केलीस आणि म्हणालीस, आजपासून सगळ्यांचंच अळणी, माझ्या हातून चुकायलाच नको. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे. बापलेक दोघंही करून सवरून नामानिराळे. दोन दिवस मी डबी नेली नाही. तिसऱ्या दिवशी नेली.

त्याच वर्षी कार्तिकात अप्पा न्हाणीघरात पडले, ते उठले नाहीत. भेटायला येईल त्याला तू सांगत होतीस, "माझ्याच हातून कुठंतरी चुकलं." तेराव्यानंतर घरात मीठ परत आलं, तुझ्या ताटात आलं नाही. अकरा वर्षं तू अळणी जेवलीस, तुझं बीपी शेवटपर्यंत ठणठणीत असताना. मी शेजारी बसून लोणचं वाढून घेत होते. कितीदा शब्द घशापर्यंत आले आणि मी घासाबरोबर गिळले. तू परत माझ्याकडे बघणार नाहीस, याची भीती वाटायची.

आणि माझी जीभ अप्पांचीच. कपाटात साड्यांखाली तशीच डबी आहे. दुपारी घर रिकामं झालं की काढते. त्यामुळे आज रिकामी बरणी हातात धरून ती पोर उभी राहिली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. मी आत गेले, डबी आणून ओट्यावर ठेवली. म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. मी चोरून खाते." तिनं डबी उघडून बघितली. मग म्हणाली, "तीन आठवडे मला झोप नाही, आई." डबा न घेताच कामावर गेली. अजून फोन नाही. दोनदा मीच केला, उचलला नाही.

सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आता वाटतं, तू असतीस तर हे पत्र आजच पोस्टात टाकलं असतं. पण नाही, तुला तरी खोटं कशाला लिहू. टाकलं नसतं. सुनेला सांगता आलं, कारण ती रागावली तर मी निभावून नेईन. तुझ्या रागाची मला अजून भीती वाटते.