वाफशाचा पेच

बाबा, आधी मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. चाळीच्या टाकीला, भरली की वाजणारी घंटा केली. ती तुम्ही ऐकली आहे. गणपतीच्या मंडपातल्या पळत्या दिव्यांची पेटी केली, सलग नऊ वर्षं चालली, एकदाही बंद पडली नाही. तीन व्होल्टेज स्टॅबिलायझर, त्यातला एक पिठाच्या गिरणीत अजून चालू आहे. दादरच्या फूलबाजारातले वजनकाटे मी केले नाहीत, नुसते दुरुस्त केले, म्हणून ते धरत नाही. आणि मातीतली ओल मोजणारी यंत्रं, दोनशे अकरा. खरं तर दोनशे बारा, पण एकाची वायर उंदरानं पहिल्याच आठवड्यात खाल्ली, ते मोजत नाही. प्रत्येक यंत्राची पट्टी मी कापली, प्रत्येक सांध्याला डाख मी दिला, तबकडीवरची अक्षरं मी लिहिली. पाणी आत जाऊ नये म्हणून जे रेझिन ओततात, ते मात्र तुमच्या सुनेनं ओतलं. ते माझ्या यादीत घालणं बरोबर नाही.

तुम्ही म्हणाल, लालबागच्या गाळ्यात बसून ह्याला माती कुठून आठवली. गावी आपली चार गुंठे भातजमीन, तीही काकांनी केलेली. शेतीतलं मला काही कळत नव्हतं. फूलबाजारात काट्याचं काम करायला जायचो, तिथे एक शेवंतीवाले आप्पा भेटले. घाटावरचे, आठवड्यातून दोनदा स्वतः माल घेऊन येणारे. मी काटा उघडून बसलो की बाजूला उकिडवे बसून बघत राहायचे. एकदा म्हणाले, "मिस्त्री, फुलाचं वजन ग्रॅमपर्यंत सांगता, माझ्या मुळाशी पाणी किती आहे ते सांगता का?" त्यांच्याकडे ठिबक होतं, टायमर होता. रोज सकाळी चाळीस मिनिटं पाणी. ऊन असो, ढग असो, चाळीस मिनिटं. वर झाड हिरवं दिसायचं आणि खाली मुळं कुजायची. मी म्हटलं, सांगतो की. त्यात काय आहे.

मग आप्पा म्हणाले, "मला आकडे नकोत. वाफसा आहे का नाही, तेवढं कळलं पाहिजे."

हा शब्द आपल्या घरात मी कधी ऐकला नव्हता. पण विचारायचं कसं? सगळा बाजार मला मिस्त्री म्हणतो. मी मनाशी म्हटलं, वाफसा म्हणजे वाफ. तुमचा मुलगा ना मी. तीस वर्षं तुम्ही कापड गिरणीच्या साचेखात्यात, मागावरचा धागा तुटू नये म्हणून, हवेत पाण्याचा फवारा सोडत होतात, दमट हवेचं मला नवं काय? तीन आठवडे खपून मी यंत्र केलं. जमिनीच्या वर एक तापमानाची नळी, चार इंचांवर हवेतला दमटपणा मोजणारी चकती, लाल दिवा, हिरवा दिवा. बाजारात नेऊन आप्पांच्या पुढ्यात ठेवलं आणि समजावून सांगितलं, जमिनीतून वाफ किती निघते ते ह्यात दिसेल. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो मिस्त्री, जमीन म्हणजे काय इडलीपात्र आहे का?" झेंडूवाले हसले, हारवाल्या मावशी हसल्या. पुढचे कितीतरी महिने मला तिथे "इडली झाली का?" असंच विचारायचे.

हसून झाल्यावर त्यांनी नीट सांगितलं. काळ्या रानाला पाणी दिलं की पहिले दोन दिवस माती पायाला चिकटते, पेंडी बांधल्यासारखी. फार वाळली की ढेकूळ. त्या दोहोंच्या मधे एक वेळ येते, मातीत पाणी असतं आणि मुळांना श्वास घ्यायला हवाही असते. मूठभर माती घ्यायची, दाबायची, लाडू होतो. तो कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. पडल्यावर मोकळा झाला तर वाफसा. चपटा झाला तर ओल जास्त. मुळात लाडूच झाला नाही तर उशीर झाला. मी विचारलं, "पण टक्के किती?" ते म्हणाले, "माझ्या रानाचे वेगळे, शेजाऱ्याच्या रानाचे वेगळे. टक्के तुम्ही काढा, लाडू मी सोडतो."

त्यांच्या रानातली दोन पोती माती मी टेम्पोतून लालबागला आणली. तुमची सून गाळ्याच्या दारात उभी. म्हणाली, "लोक गावाहून तांदूळ आणतात. तुम्ही चिखल आणलात." बादलीत माती, रोज सकाळी वजन, रोज लाडू, वहीत नोंद. गाळ्याची फरशी काळी झाली. त्याच मातीनं मला पुस्तकात न सापडलेली गोष्ट दाखवली. काळी माती वाळताना आकसते आणि यंत्राच्या पट्टीपासून सुटते. मधे हवेची फट पडली की काटा "कोरडं" म्हणतो, बाजूला बोटभर अंतरावर ओल असताना. म्हणजे टायमर मूर्ख होता तसं माझं यंत्रही मूर्ख, फक्त महागडं. त्यावर उपाय म्हणून पट्टी तिरकी घालायची, त्याच मातीचा पातळ राडा करून भोकात ओतायचा, आणि मागे एक पेच ठेवायचा. शेतकऱ्यानं स्वतः लाडू सोडून बघायचा. वाफसा आहे असं त्याचा हात म्हणाला की पेच फिरवून काटा मधल्या खुणेवर आणायचा. तिथून पुढे यंत्र त्याच्या रानाचं झालं. काटा खाली गेला की ठिबकचा व्हॉल्व्ह उघडतो, वर आला की बंद होतो, आणि मोबाईलवर मेसेज जातो. आप्पांची शेवंती त्या वर्षी कुजली नाही. "इडली" थांबली.

हा पेच सुचला तेव्हा मी फार खूश झालो, लोकांना सांगत सुटलो की डोकं आपलं आहे, कुणाकडे शिकायला गेलो नाही. लॅमिंग्टन रोडची जुनी पुस्तकं आणि हे दोन हात. पण त्यातलं एक वाक्य दुरुस्त करायला हवं.

आठवतंय का बघा, मी वीस वर्षांचा आहे. मासिकात बघून मी हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र केलंय, साबणाच्या डबीएवढं. ते तुम्हाला दाखवायचं म्हणून शर्टाच्या खिशात घालून, गेटवर ओळख सांगून, मी तुमच्या साचेखात्यात येतो. साचे चालू आहेत, शेजारच्याचं बोलणं कळत नाही. माझी डबी त्र्याण्णव टक्के दाखवतेय. तुम्ही तिच्याकडे बघत नाही. जवळच्या साच्यावरचा धागा अंगठ्यात आणि बोटात धरता, जरासा ओढता आणि म्हणता, ऐंशीच्या आत. मग भिंतीवरच्या लाकडी पट्टीवरचे दोन थर्मामीटर बघता, कोरडा आणि ओल्या कापडाचा. दोघांतल्या फरकावरून अठ्ठ्याहत्तर. मी म्हणतो, कापड मळलं असेल. त्या आवाजात ऐकू जावं म्हणून तुम्ही ओरडता, म्हणजे चार जॉबर-मुकादमांनाही ऐकू जातं: "ह्याका घाम इलो हा! हात कित्याक दिल्यान देवान, नुसते जेवूक? आधी हाताक विचार, मगे काट्याक!"

मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. आईनं मधे पडून कुळथाची पिठी वाढली, तरी नाही. माझं यंत्र तुम्ही चार माणसांत खोटं पाडलंत, एवढंच मी धरून बसलो. पण गेटबाहेर पडल्यावर डिलाईल रोडच्या फुटपाथवर मी ती डबी काढली होती. खिसा घामानं ओला होता. डबी सगळा वेळ माझ्याच छातीचा दमटपणा मोजत होती. तुमचं बरोबर होतं, शब्दशः बरोबर होतं, आणि ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. गिरणी बंद झाली तेव्हा मॅनेजरला विचारून तुम्ही ती दोन थर्मामीटरांची पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलीत आणि "ठेय तुका" म्हणालात, तेव्हाही सांगितलं नाही. पुढे तुम्ही गेलात, त्यालाही आता बावीस वर्षं झाली.

आता मुद्द्याचं. दिवाळीनंतर एका कंपनीची दोन माणसं गाळ्यावर आली. हुशार मुलं होती, टिंगल करण्यासारखी नव्हती. उपग्रहावरून पीक कुठे पिवळं पडतंय ते त्यांनी मला लॅपटॉपवर दाखवलं. ड्रोननं फक्त तेवढ्याच पट्ट्यात फवारणी करतात, तेही दाखवलं. मी अर्धा तास तोंड उघडं ठेवून बघत होतो. मग त्यांतल्या एकानं माझं यंत्र उलटं केलं. "सर, हार्डवेअर एक नंबर आहे. फक्त हा स्क्रू काढून टाकू." मी विचारलं, का? "शेतकरी चुकीचा सेट करतो. आपण वरून सेट करू. त्याला फोनवर फक्त सांगायचं, पाणी दे, पाणी नको." त्याचं अगदीच चूक नव्हतं, माझ्याच गिऱ्हाइकांपैकी तिघांनी पेच उलटा फिरवून मला शिव्या घातल्या आहेत. मी विचारलं, शेतकऱ्यानं वर्षाचे पैसे भरले नाहीत तर? "मग ॲप बंद." आणि यंत्र? "ते ॲपशिवाय काय कामाचं, सर?" आणि मी स्वतः पुढे पेचवालं यंत्र करायचं नाही, असं त्यांनी आणलेल्या खरेदीच्या कागदावर होतं. मी म्हटलं, पेच राहील. तो म्हणाला, "सर, इमोशनल होऊ नका." मी म्हटलं, "इमोशनल नाही रे, मी मोजून बोलतोय. आप्पांचं रान आणि त्यांच्या शेजाऱ्याचं रान, मधे एक बांध. दोघांचा वाफसा वेगळा. तुझ्या वरच्याला तो बांध दिसतो का?" तो हसला. कार्ड ठेवून गेले. नंतर दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी तेच सांगितलं.

इथपर्यंत मी मान वर करून सांगू शकतो. पुढचं जरा अवघड आहे.

नायगावची आपली खोली पाडली. आता आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराला दार आहे, आईला पटलं नसतं. तिथे ओट्याशी उभी राहून तुमची सून हातांना खोबरेल लावत असते. रेझिनमुळे तिच्या बोटांची सालं निघतात. हातमोजे घातले की बुडबुडे राहतात, म्हणून ती घालत नाही. बुडबुडा राहिलेला मीच परत करतो. दोनशे बारा वेळा तिनं ते ओतलंय. कंपनीला नाही म्हणालो त्या दिवशी मी तिला तिथेच सांगितलं. तिनं विचारलं, "किती देत होते?" मी सांगितलं. तिनं खोबरेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. म्हणाली, "बारा लाखांसाठी पेच काढायचा नाही, हे बरोबर आहे. त्यात ना घर चालतं ना मान राहतो. पण एक सांगून ठेवते. कुणी तीस-चाळीस म्हणाला तर मला न विचारता नाही म्हणायचं नाही. हे हात माझेपण आहेत." मी हो म्हणालो आणि ताट वाढायला लागलो.

हे पत्र मी वहीतून फाडणार आहे, कारण ती वही तीही वाचते. पेच ठेवला ह्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा आले तरी तेच सांगेन. पण आकड्यात चूक करणारा माणूस मी नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा निदान तुमच्याजवळ तो बरोबर लिहितो. यंत्र, आराखडा आणि पुन्हा न करण्याची सही, एवढ्याचे त्यांनी देऊ केले होते अडतीस लाख.