गेरूखालची जखम

अमरावती,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रणालीस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या नावानं आहे, पण मी बोलते आहे ती आपल्या घरातल्या सगळ्या बायकांशी. दाढ दुखली तर आपल्याला अंगणातून ओरडून सांगता येतं. कमरेखाली काही झालं की आवाज खाली, दार बंद, आणि सगळ्या दुखण्यांना मिळून एकच शब्द: उष्णता. हा अन्याय आपल्यावर बाहेरून कोणी येऊन केला नाही. आपणच एकमेकींवर केला.

इकडे सगळं ठीक आहे. काकांचा खोकला उतरला. मोर्शीहून संत्री आली, त्यातली चांगली तुझ्यासाठी बाजूला काढली आहेत. तुझा झबल्यांचा निरोप मिळाला. पिवळं कापड आणलं आहे.

परवा रविवारी मी अकोल्याला आले ते झबल्याची मापं विचारायला नव्हते. तुझ्या सासूबाई समोरून हलल्या नाहीत, म्हणून बोलता आलं नाही, असं मी परतीच्या गाडीत स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. त्या चहा ठेवायला गेल्या होत्या, चांगली दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी तुला मुलींची नावं सुचवली. आणि संध्याकाळी चांदूर रेल्वे गावातल्या सभेत साडेतीनशे बायकांसमोर उभी राहून म्हणाले, की बाईनं आपल्या शरीराबद्दल गप्प बसणं हा गुन्हा आहे. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या अंगावर दगड पडावेत तशा लागल्या.

जानेवारीत डोहाळजेवणाला तू इथं आलीस, हिरव्या साडीत, फुलांचा मुकुट डोक्यावर. मोरीजवळ मला थांबवून म्हणालीस, तिथं बारीक फोड आलेत, आग होते, लघवीला बसवत नाही. मी काय म्हणाले आठवतं? सब्जाचं पाणी घे, उष्णता आहे. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. गावोगाव भाषणं देणारी मावशी आहे, तिला माहीत असणारच.

मला माहीत होतं, प्रणाली. म्हणूनच मी बोलले नाही.

माझ्या त्या ‘उष्णते’नंतर तुझ्या सासूबाईंनी तुला अंजनगावला नेलं. तू रविवारी त्याच दहा मिनिटांत हसत सांगितलंस, की जानराव बुवानं फोड बघितलेही नाहीत, बाईमाणसाचे कसे बघणार, म्हणून वाटीत गेरू मंतरून दिला आणि सासूबाईंनी तो लावला. सासूबाईंनी तुला बजावलं होतं ते त्यांच्याच आवाजात करून दाखवलंस: “नागीणच हाय ते पोरी. तोंड न् शेपूट जुळलं की माणूस जाते. अन् डॉक्टरनीले सांगशीन त उलटून येईन.” आपण दोघी हसलो. मग तू सहज बोलून गेलीस, की तपासणीची तारीख दोनदा पुढं ढकलली, फोड वाळले की गेरू धुऊन जायचं, म्हणजे डॉक्टरीणबाईंना काही दिसत नाही. आणि आता तिथं पुन्हा मुंग्या येऊ लागल्यात.

तिथं माझं हसू थांबलं. तुझी बाळंतपणाची तारीख याच महिन्याची चोवीस आहे.

आता माझं ऐक. अकरा वर्षांपूर्वी मलाही असंच झालं. आधी मुंग्या, मग ताप, मग फोड. त्या वेळी मी याच बुवाबाजीविरुद्ध गावंच्या गावं पालथी घालत होते. अमरावतीत रक्त तपासायला गेले असते तर काचेपलीकडची मुलगी म्हणाली असती, मॅडम, तुमचं भाषण ऐकलंय. म्हणून अकोल्याला आले आणि वच्छला हे नाव सांगून रक्त दिलं. निकाल आणायला गेलेच नाही. आजार आहे असं लिहून आलं, तर काकांकडे बोट दाखवावं लागेल, नाहीतर ते माझ्याकडे दाखवतील, एवढंच डोक्यात होतं. बुवाला शिव्या देणारी मी, आणि माझ्याकडे त्याच्याएवढाही गेरू नव्हता. नुसतं मौन चोपडत राहिले. दरवर्षी दोन-तीनदा ते परत येतं. परवा तुझ्याकडून आले, आणि काल पुन्हा आलं.

काल मी इथल्याच एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नाव सीमाच सांगितलं. त्यांनी ओल्या फोडावर कापूस फिरवून नमुना घेतला. निकाल शुक्रवारी. त्यांना हर्पीसची शंका आहे. ते वर्षानुवर्षं अंगात दडून राहू शकतं, म्हणून कोणाकडून आलं, कधी आलं, हे त्यावरून ठरवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यात कोणाचं चारित्र्य लिहिलेलं नसतं. मग मी म्हणाले, माझी एक भाची आहे. बाई लिहायच्या थांबल्या.

“तारीख कधी आहे तिची?”

चोवीस म्हटल्यावर त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. म्हणाल्या, तुझं दुसरंच काही असू शकेल, साधी खाजही असेल, बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. पण तेच असेल आणि फोड असतानाच कळा सुरू झाल्या, तर ते बाळाला लागू शकतं, आणि इतक्या लहान जिवाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतं. आधी कळलं तर गोळ्या आहेत. वेळेला फोड असलेच तर ऑपरेशन करून बाळ सुखरूप काढता येतं. न कळलं तर? मी विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

आज दुपारी तुझ्या आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, माया रडेल, मला बोलेल. ती मेथी निवडत होती. हात थांबला आणि ती म्हणाली, “ताई, तुले बी?” बस, एवढंच. सख्ख्या बहिणी, भिंतीला भिंत लागून घरं, आणि तिनंही वीस वर्षं तेच लपवलं. आता तू. या लपवालपवीचा पुढचा घास तुझ्या पोटात आहे.

पुढं ढकललेल्या गुरुवारच्या तपासणीची वाट पाहू नकोस, हे वाचून झालं की थेट दवाखान्यात जायचं आहे. मुंग्यांनंतर फोड आले असतील तर वाळू देऊ नकोस, ओले असतानाच दाखवायचे आहेत. डॉक्टरीणबाईंना म्हण, “मला तिथं फोड येतात, जानेवारीपासून, बघा.” तुझ्या नवऱ्याला, नितेशला, संध्याकाळी मी सांगेन, त्यानं तुझ्यावर बोट उचललं तर आधी माझ्याशी गाठ आहे. सासूबाईंशी वाद घालायला मी घरात येत नाही. मी आले की भाषण होतं, आणि आज भाषणाला वेळ नाही.

पत्र घेऊन आई बुधवारी सकाळी तुझ्यासमोर उभी असेल. तू हे वाचत असताना मी गल्लीच्या तोंडाशी ऑटोत बसले आहे. कागद आईच्या हातात दे, चप्पल घाल आणि खाली ये.

उशीर केलेली,
तुझी सीमामावशी