गोल डागाच्या मापाचे झाड

३ तारीख, सोमवार. सकाळी ६.४०

घर्रर्र. जड वस्तू फरशीवरून ओढल्याचा आवाज. त्यानेच जाग आली. उठून पाहिले, कोणी नाही. म्हणजे आवाज आजचा नव्हे, फार जुना. शाळेत प्रार्थना झाली की आम्ही बाके सरकवायचो, तोच असणार. त्याच्या मागोमाग चौथीतली कविता आली:

थोडी ज्याची तहान, त्याला माळही आपुले घर

पुढची ओळ येत नाही. येईल. स्मरणशक्ती माझी पहिल्यापासून खणखणीत.

गॅलरीत पुन्हा ओल. वरच्यांचा पाइप गळतो. पाणीखात्यात चौतीस वर्षे दारोदार मीटर वाचले. गळती कुठली हे मला वासावरून कळते.

संकल्प: रविवारी, ९ तारखेला, लेक घर बघायला येणार. त्याच्या आत हे घर भरलेले, जिवंत दिसले पाहिजे. दुधाचे पातेले तीनदा करपले, एवढ्यावरून तिने ठरवले की बाबांनी एकटे राहू नये. पहिल्यांदा दोष पातेल्याचा होता, दुसऱ्यांदा गॅसचा. तिसऱ्यांदा दूधच वाईट होते. हे सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, बाबा, एक जिवंत वस्तू नीट सांभाळून दाखवा, मग बोलू.

दाखवतो.

संध्याकाळी ७

वस्तू सापडली. बस डेपोमागची नर्सरी बंद होते आहे. जागा विकली म्हणे. हिरवी जाळी उतरवली आहे आणि जमिनीवर कुंड्यांचे चौकोन, गोल तेवढे उरले आहेत, फोटो काढून नेलेल्या भिंतीसारखे. कोपऱ्यात एक जेडचे झाड. पोटरीएवढे खोड, माझ्या छातीपर्यंत उंच, पाने जाड, कडेला तांबूस. पंचवीस-तीस वर्षांचे तरी असेल. बघताच पाय थबकले. झाडही माझ्याकडे बघते आहे असे वाटले.

नर्सरीवाली बाई मात्र माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. म्हणाली, हे विकायचे नाही. नर्सरी बंद करायची आणि झाड विकायचे नाही! भाव वाढवायची रीत आहे ही. मीही कच्च्या गुरूचा चेला नाही.

४ तारीख, मंगळवार

टेप, भिंग आणि टॉर्च घेऊन गेलो. मोठे झाड घ्यायचे म्हणजे स्थळ बघण्यासारखे, भुलून चालत नाही. खोड बुंध्याशी दाबून पाहिले. घट्ट. पानांच्या बेचक्यात कापसासारखी कीड नाही. माती कोरडी. हलवून पाहिले, डुगडुगत नाही.

एकच खोट. खालच्या फांद्या एका बाजूने उघड्या आहेत. पाने गळून गेल्याचे व्रण. खोडावर एक जुना काळा खड्डा, चाकूने कुजके कापून काढल्यासारखा. मी बाईला स्पष्ट सांगितले की आधीच्या मालकाने याला पाण्यात बुडवून मारायला घेतले होते. जेडला पाणी पंधरा दिवसांतून एकदा. अशा माणसांच्या हाती झाड देतातच कसे?

बाई पाइप गुंडाळत बसली. मग मला सावलीत खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारले, काका, घरी याला पाणी कोण घालणार? म्हटले, मीच. ती म्हणाली, हं.

कुंडीवर पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेली ओळ आहे. मातीत अर्धी दडली होती, बोटाने पुसली.

थेंब जपावा, पान जपावे, ऊन असो डोक्यावर

अंगावर काटा आला. हीच ती दुसरी ओळ! मालक माझ्याच शाळेत शिकलेला दिसतो. अक्षरही चांगले, वळणदार. माझ्या अक्षराशी पुष्कळसे मिळते. पण पाण्याची अक्कल नाही. कविता पाठ असली म्हणजे कळली असे थोडेच असते.

५ तारीख, बुधवार. सकाळी

गॅलरीत मोजमाप केले. उजव्या कोपऱ्यात फरशीवर तपकिरी गोल डाग आहे, जुना, घासून न जाणारा. व्यास ४६ सेंटिमीटर. काल टिपलेला कुंडीच्या बुडाचा व्यास: ४६ सेंटिमीटर. याला म्हणतात योग. जणू जागा आधीपासून धरून ठेवली होती.

डागावर आजही पाणी. छत कोरडे आहे. वरचे लोक चलाख आहेत.

५ तारीख, बुधवार. संध्याकाळी

आज फिरता फिरता डेपोमागे एक सुंदर जेड दिसले. पोटरीएवढे खोड. घ्यावे की घेऊ नये, विचार करायला हवा. उद्या टेप घेऊन जाईन.

समोरच्या दारातल्या बुलेटिनला सांगितले. (हा मनुष्य बँकेतून निवृत्त झाला आणि तेव्हापासून इमारतीच्या बातम्या देतो.) तो म्हणाला, हे तुम्ही मला काल सांगितलेत, परवाही सांगितलेत. माणसाला दुसऱ्याचा आनंद बघवत नाही.

जाता जाता म्हणाला, तुमच्याकडे असेच एक होते ना, वहिनींचे? होते, पण ते लहान. हिने कुणाच्या तरी कुंपणातली फांदी मोडून आणली होती, बोटभर. चहाच्या कपात लावली होती. ही गेल्याला दोन वर्षे झाली. त्या झाडाचे पुढे काय झाले, त्याने विचारले.

काय होणार. झाडे जातात.

५ तारीख, बुधवार

(वर्तमानपत्रात गुरुवार आहे. छापणाऱ्यांना हल्ली कशाचा धरबंद राहिला नाही.)

नर्सरीत गेलो. दहा-बारा कुंड्या उरल्या आहेत. बाईने आज असा आकडा सांगितला की त्यात म्हैस येईल. मी हसलो, ती हसली नाही. मग म्हणाली, झाडाची प्रकृती नाजूक आहे. मग म्हणाली, तुमच्या लेकीचा नंबर आहे माझ्याकडे, तिच्याशी एकदा बोलते. माझ्या लेकीचा नंबर हिच्याकडे कसा? गिऱ्हाईक अडकवण्याची आधुनिक तऱ्हा असावी. फोनमधून सगळे कळते म्हणतात.

मी तिला दोन्ही ओळी चालीवर म्हणून दाखवल्या. तिने मान फिरवली. कवितेची आवड नसते एकेकाला.

७ तारीख, शुक्रवार

वॉशिंग मशीनमागे पडलेला चमचा काढायला वाकलो. चमच्याऐवजी एक जाड, सुरकुतलेले पान मिळाले. जेडचे. त्याला अंधारात, धुळीत, पांढरी केसासारखी मुळे फुटली होती आणि टोकाला दोन टिकलीएवढी नवी पाने. ते या घरात कसे आले कोण जाणे. बुटाला चिकटून आले असेल.

ते किती दिवस तिथे वाढत होते, या विचाराने जरा कसेसे झाले. चहाच्या कपात ठेवले आहे. थोडे पाणी घातले.

खालचे गृहस्थ वर आले होते. तुमच्या गॅलरीतून आमच्या कपड्यांवर रोज पाणी ठिबकते, दिवसातून तीन-तीनदा, म्हणाले. मी त्यांना हात धरून आणले आणि डाग दाखवला. म्हटले, मी स्वतः पीडित आहे. वरच्यांविरुद्ध सोसायटीला अर्ज लिहिला, नकाशासह. गृहस्थ नकाशा न बघता दाराशेजारच्या माझ्या झारीकडे बघत होते. झारी पितळेची आहे, लोक बघतातच.

कपातल्या पानाला थोडे पाणी घातले.

८ तारीख, शनिवार. दुपारी

नर्सरीत आता एकच झाड. मोकळ्या मैदानात एकटे उभे आहे. गेटला आतून कुलूप. गजांतून हाक मारली, बाई आली नाही. तिच्या शेडमध्ये कोणीतरी फोनवर हळू बोलत होते. शेवटचे वाक्य तेवढे ऐकू आले: हो ताई, आजही आलेत.

निर्णय झाला. घ्यायचे. लेकीला मी सांगणार: हे बघ, तीस वर्षांचा जीव, माझ्या भरवशावर. मग पातेल्यांचा विषय ती काढूच शकत नाही. उद्या सकाळी हातगाडी घेऊन जातो. लेक एकला येणार, वेळ भरपूर आहे.

कपातले पान मऊ पडून तळाशी बसले आहे. कपात काठोकाठ पाणी. मी थोडेच घातले होते.

९ तारीख, रविवार. सकाळी ९.५०

लवकर उठून दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. घर लख्ख.

आत्ता जिन्यात तो आवाज झाला. घर्रर्र.

बाकांचा नाही. बाके इतकी जड नव्हती. बायको रोज संध्याकाळी साडेपाचला ही कुंडी उन्हातून सावलीत ओढायची. मी आतून ओरडायचो, फरशीला चरे पडतील. ती म्हणायची, पडू देत, तुमच्या कवितेला पडले नाहीत म्हणजे झाले. पांढऱ्या रंगाचा डबा मीच आणला होता.

बेल वाजते आहे. लेकीला इतक्यात यायचे नव्हते.

९ तारीख. १०.१०

नर्सरीवाली बाई आली आहे. झाड जिन्याच्या वळणावर, दोन हमाल धापा टाकत उभे. तिने पदराला हात पुसून एक चिठ्ठी पुढे केली. पाणीबिलाच्या जुन्या फॉर्मची मागची कोरी बाजू. अक्षर चांगले, वळणदार. खाली माझी सही, चार महिन्यांपूर्वीची तारीख.

‘हे झाड माझ्या हातून मरेल. पाणी घातलेले मला आठवत नाही. मी परत मागायला आलो तर देऊ नये, कितीही गोड बोललो तरी. कविता म्हटली तरी.’

मी दोनदा वाचली. हस्ताक्षराबद्दल काही शंका काढता आली नाही.

बाई म्हणाली, खाली टेम्पो उभा आहे, झाड लेकीच्या घरी चालले आहे. ताईंनीच सांगितले की आधी वर नेऊन बाबांना दाखवा, नाहीतर ते जिना उतरणार नाहीत. त्या स्वतः खाली गाडीत बसून आहेत, सकाळपासून.

मी म्हटले, मला अजून भावाचा विचार करायचा आहे.

तेव्हा ती म्हणाली, “काका, तुम्हाला हे विकणार नाही. शब्द दिलाय तुम्हाला. पण झाड जिथे जातंय तिथे तुम्ही गेलात, तर अडवणारी मी कोण?”

चष्मा आणतो असे सांगून आत आलो. चष्मा नाकावरच आहे. ती अजून दारात उभी आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. हातात झारी होती. दार उघडायला गेलो तेव्हापासून असणार.

झारी रिकामी आहे. गॅलरीत जाऊन पाहिले. गोल डाग ओला आहे, आणि खाली कुणाच्या तरी कपड्यांवर पाणी ठिबकते आहे.