मोरिवलीची जागा

अंबरनाथ (पूर्व),
५ फेब्रुवारी १९८८

चि. एलिझर यास मिल्काताईचा शालोम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. तिकडे इस्रायलच्या थंडीत तुझा खोकला वाढला असेल, कानटोपी घालत जा. परवा मलिदा केला. गोडाचे पोहे, खोबरं, फळं. एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं. खायला माणसं नाहीत, म्हणून शेजारच्या कुंदाकडे ताट भरून दिलं.

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या माघारी मोरिवलीची जागा तुझ्या नावावर झाली, ती आता तू बिल्डरला देणार. दफनभूमी असली तरी आपली माणसं इस्रायलला गेली, वर्षानुवर्षं तिथे कुणाला पुरलेलं नाही, असं लिहितोस. बिल्डरचा माणूसही येऊन तेच ऐकवून गेला. "काकी, इधर अब कौन आता है? तुमचे लोक तर सगळे गेले ना." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

एलिझर, डोकं ठिकाणावर आहे ना? शनिवारी घाणा न जुंपणारे म्हणून गावाकडे आपल्याला शनवार तेली म्हणायचे. घाणे बंद पडले तेव्हा हीच माणसं इथे फॅक्टरीत फिटर, टर्नर झाली. वर्गणी काढून सगळ्यांनी ती जागा घेतली, बाबांचं फक्त नाव लागलं. आईच्या दगडावर मराठीत नाव कोरलंय. तो दगड कुणाच्या जिन्याखाली घालणार आहेस?

ह्यांची तब्येत विचारलीस. हे गेले. महिना झाला.

तार मुद्दाम केली नाही. तार मिळताच तू बिल्डरला घाई केली असतीस, मी ओळखते तुला. सगळे म्हणाले, ठाण्याला नेऊ, तिथे आपली वस्ती आहे. मी ऐकलं नाही. मोरिवलीच्या हिरामणला खड्डा खणायला सांगितलं. तो म्हणाला, "बाय, जागा अजून तुमचीच हाय ना?" मी म्हटलं, आजपासून तर नक्कीच. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष ठाणे-कल्याणहून जमवले आणि मयताची कद्दिश म्हणवून घेतली.

एक सांगायचं टाळत होते. ठाण्याला आईवडिलांशेजारी न्या, असं हे स्वतःच म्हणून गेले होते. आयुष्यात त्यांनी मागितलेली ती एकच गोष्ट, आणि ती मी मोडली. रोज रडते. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

आता तिथे कुणाला पुरलेलं नाही असं तुला लिहिता येणार नाही. सही करायचीच असेल तर इकडे ये, तुझ्या दाजींच्या उशाशी बस आणि कर. पेन मी देते.

तुझी, आणि इथलीच,
मिल्काताई